नववी ‘ब’चे दोन पिरियड

“मॅडम, उत्तर उद्या पण तेच येणार आहे.”

हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकलं. चाचणी परीक्षा तोंडावर आलेली असायची, माझी समीकरणं अर्धवट लटकलेली असायची आणि मी मैदानाच्या कडेला उभी राहून आमच्या पीटीच्या सरांकडे एक पिरियड मागत असायचे. एकच. इतिहासाच्या बाई द्यायच्या. चित्रकलेचे सर तर मी तोंड उघडायच्या आत द्यायचे. हे मात्र दोन्ही हात पाठीशी बांधून, पोट पुढे काढून, मुलांवरची नजर न हलवता एवढं एकच वाक्य बोलायचे. त्यात उद्धटपणा औषधालाही नसायचा. माझी काळजी मिटावी म्हणूनच सांगतायत असा सूर असायचा, त्यामुळे धड भांडताही यायचं नाही.

आमची शाळा सुरतेतली, पण मराठी माध्यमाची, नवागामच्या जवळ. मुलं बहुतेक सगळी खानदेशातून आलेल्या घरांमधली. बाप कापडाच्या लूमवर बारा तासांच्या पाळीत, आई घरात साडीच्या जॉबवर्कला बसलेली. पोरं घरात अहिराणी बोलतात, गल्लीत हिंदी, आपसात गुजराती, आणि मराठी पेपर लिहिण्यापुरती राखून ठेवतात. “सर, रमवा दो ने,” असं म्हणत सरांच्या मागे लागायची. सर त्यांना खेळू द्यायचेच, पण सगळ्यांना. तिथेच तर सगळी गोम होती.

तुमच्या शाळेतही पीटीचे एक सर असतीलच. उंच, पिळदार, कडक आवाजाचे. ते चित्र डोक्यातून काढून टाका. आमचे सर बुटके, गोल, आणि अकरा वर्षांत त्यांना पळताना कोणी पाहिलेलं नाही. एकदा मैदानात एक पिसाळल्यासारखं कुत्रं घुसलं. मुलं पळाली, शिपाई पळाला, मी तर प्रयोगशाळेच्या टेबलावर चढले. सर चालत आले. कुत्र्यालाही बहुतेक काही सुचेना, ते निघून गेलं. मी विचारलं, तुम्ही पळाला का नाहीत? तर म्हणाले, माझं काम पळवायचं आहे.

त्यांचे बूट मात्र रोज पांढरेशुभ्र असायचे. त्याचं कारण आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. शाळा सुटल्यावर आमच्या वर्गांतून खडूचे तुकडे गोळा करून ते बुटांना फासायचे. मी खडूचा डबा कुलपात ठेवते याबद्दल त्यांची माझ्यावर नाराजी होती, ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही.

एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलाने सलग चार दिवस गृहपाठ केला नाही. मी त्याला सरांकडे धाडला, सोबत चिठ्ठी: याला मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावा. पाच मिनिटांत मुलगा परत. चिठ्ठीच्या मागे सरांच्या गोल अक्षरात लिहिलेलं: “पळणं ही शिक्षा नाही. शिक्षाच करायची असेल तर गणित द्या.” ती चिठ्ठी शिक्षकांच्या खोलीत आठ दिवस फिरली. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं.

सबबी सांगणाऱ्यांशी ते वाद घालायचे नाहीत. हात मोडून प्लॅस्टर घातलेला मुलगा आला की त्याचे पाय बघायचे आणि म्हणायचे, हे तर बरे दिसतायत. पोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलीला मात्र एका शब्दाने विचारायचे नाहीत. सावलीत बसवायचे, हातात घड्याळ द्यायचे आणि वेळ मोजायला सांगायचे. तीही मग खेळातच धरली जायची, वगळली जायची नाही.

तीन वर्षांपूर्वी आमचे ट्रस्टीसाहेब शहराच्या पलीकडच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेच्या वार्षिकोत्सवाला गेले आणि आमची पंचाईत झाली. तिथे त्यांनी रंगीत जर्सी घातलेले संघ पाहिले, चकचकीत ढाली पाहिल्या. सोमवारी मीटिंग. आमच्याकडे मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात. आचार्यांनी फर्मान वाचून दाखवलं: या वर्षापासून नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एका तरी खेळात भाग घेणं सक्तीचं. सराव दर रविवारी सकाळी, शाळेच्या मैदानावर. जो येणार नाही त्याला खेळात शून्य आणि पालकांना नोटीस. आणि रविवारी एवढा खेळ होणार, तर आठवड्यातले पीटीचे दोन पिरियड हवेत कशाला? ते बंद.

सर एरवी मीटिंगमध्ये डुलक्या काढायचे. त्या दिवशी उभे राहिले.

“साहेब, स्पर्धेत बारा पोरं खेळतात आणि तीस टाळ्या वाजवतात. माझ्या पिरियडला टाळ्या वाजवायला कोणी उरत नाही.”

आचार्य म्हणाले, म्हणूनच तर सक्ती केली आहे, आता सगळेच खेळतील. सर म्हणाले, रविवारी आमची पोरं मोकळी नसतात. आचार्य म्हणाले, सक्ती आहे म्हटल्यावर होतील. मग त्यांनी विचारलं, नववी ‘ब’चे हे सोमवार-गुरुवारचे दोन पिरियड कोणाला पाहिजेत?

माझा हात वर गेलेला होता. लाज वाटते सांगायला, पण आचार्यांचं वाक्य संपायच्या आधीच गेला होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं, खाली बसले आणि डुलकी काढायला लागले. म्हणजे डोळे मिटले. झोप लागली असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या रविवारी नववी ‘ब’मधली अकरा मुलं आली, त्यातली नऊ क्रिकेट खेळायला मिळेल म्हणून. मुली दोन. तिसऱ्या रविवारी मुली एकही नाही. मी इकडे सोमवारी आणि गुरुवारी खुशीत समीकरणं सोडवत होते. वर्ग मात्र जरा मरगळलेला वाटायचा. मी म्हटलं, उन्हाळा आहे.

मग नोटिसा काढायची वेळ आली. मी वर्गशिक्षिका, त्यामुळे सही माझी. गठ्ठा घेऊन बसले तर सर येऊन उभे राहिले. म्हणाले, सही करायच्या आधी एकदा घरं बघून येऊ. तेव्हा रविवारी आम्ही दोघं नवागामला गेलो.

अरुंद गल्ली, दोन्हीकडे एकेका खोलीची घरं, आणि ओट्याओट्यावर माझ्या वर्गातल्या मुली. मांडीवर पाट, पाटावर साडीचा पदर, शेजारी वाटीत चमकणारे खडे, हातात गमाची नळी. एक ठिपका गम, एक खडा. एक ठिपका, एक खडा. त्या एका गल्लीत नऊ जणी. कोमल नावाची मुलगी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. तिची आई म्हणाली, “या सर, बठा.” मग तिने शांतपणे सांगितलं की सोमवारी सकाळी माल द्यावा लागतो, म्हणून रविवारी पोरगी उठू शकत नाही. शून्य द्यायचं तर द्या. तिच्या बोलण्यात राग नव्हता. आम्हाला चहा पाजला, आणि चहा होईपर्यंत तिने चार फुलं पुरी केली.

सर चहा पीत गल्लीकडे टक लावून बघत होते. एका टोकाला पाण्याचं पिंप, दुसऱ्या टोकाला विजेचा खांब. मधे सरळ वाट. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पुढच्या रविवारी त्यांनी मला सकाळीच तिथे बोलावलं. खेळ झाला अशी सही करायला वर्गशिक्षिका लागते म्हणाले. जाऊन बघते तर गल्लीच्या मधोमध चटया अंथरलेल्या आणि आठ मुली एका रांगेत बसलेल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, खो-खोला बसतात तशा. फक्त प्रत्येकीच्या मांडीवर पाट आणि पाटावर साडी. नववी, म्हणजे कोमल, खांबापाशी उभी. त्याच गल्लीतली माझ्या वर्गातली मुलं पळायला तयार.

नियम सरांनी सांगितला. खो मिळाला की उठायचं, पकडायला धावायचं. खो देणारी त्या जागेवर बसेल, आणि जिथे बसेल तिथलं काम पुढे चालू ठेवेल. काम थांबणार नाही, खेळही थांबणार नाही. आया ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या, त्यांची हरकत नव्हती. मला प्लास्टिकची खुर्ची मिळाली. मी वहीत लिहिलं: खो-खो, उपस्थिती पूर्ण. तसं खोटं काहीच नव्हतं त्यात.

अहो, काय खेळल्या त्या पोरी! वर्गात फळ्यापर्यंत यायला रडणाऱ्या मुली पिंपाला वळसा घालून अशा सुसाट येत होत्या की मी खुर्ची दोनदा मागे सरकवली. खो बसला की एक उठायची, दुसरी धपकन बसायची आणि धापा टाकत खडा लावायची. पलीकडच्या गल्लीतली माणसं बघायला आली. सर खांबापाशी हात पाठीशी बांधून उभे, चेहऱ्यावर असा आनंद की जणू ढाल त्यांनाच मिळाली.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. साडी जागेवर ठेवायची हे सरांनी सांगितलं होतं. वाटीचं काय करायचं ते सांगितलं नव्हतं. आणि या पोरींना लहानपणापासून सवय ही की आपल्या हिशोबाचे खडे आपल्यापाशीच ठेवायचे, दुसरीकडे ठेवून उठायचं नाही. त्यामुळे प्रत्येक पोरगी खो मिळाला की आपली वाटी उचलून, वर तळहात दाबून पळत होती. चार साड्या हिरव्या खड्यांच्या होत्या, चार गुलाबी.

माल देणारी मासी, म्हणजे आपली मावशी, दुपारी चक्कर मारायला आली. तिने पहिली साडी उचलली. मोराचं डोकं हिरवं, मान गुलाबी, पिसाऱ्यात दोन्ही रंग मनाला येईल तसे. दुसरी साडी, तिसरी साडी, सगळीकडे तेच. “आ शुं करी नाख्युं?” हे काय करून ठेवलंत, असं म्हणून ती खालीच बसली. सर पुढे झाले, डोळ्यांना चष्मा लावून मोर निरखला आणि म्हणाले की लांबून बरा दिसतोय. मासीने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी वर्गात कधी तरी वापरून बघणार आहे.

मग काय, काढा खडे. सगळे बसले. आया बसल्या, मुली बसल्या, सर मांडी घालून बसले, आणि मी सही केलेली असल्यामुळे मीही बसले. सुईच्या टोकाने खडा उचकायचा, कापडाला भोक पडू द्यायचं नाही, गम खरवडायचा, पुन्हा योग्य रंगाचा खडा लावायचा. पहिल्या दहा मिनिटांत माझा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटली. हे काम मला जमेल अशी माझी समजूत होती, शेवटी मी प्रमेयं सिद्ध करणारी बाई. मी दोन तासांत सव्वा मोर दुरुस्त केला.

दोन तासांनी उठायला गेले तर मान वर येईना. खरंच येईना. कंबर कशीबशी उठली, पण मान तशीच खाली, साडी बघत असल्यासारखी. सरांकडे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागलं. मला वाटलं, आता हे ते उद्याच्या उत्तराचं वाक्य बोलणार. बोलायचा हक्कच होता त्यांना. पण ते म्हणाले, “हळू मॅडम. आधी खांदे मागे घ्या. श्वास घ्या. आता मान.” भर गल्लीत, तीस-चाळीस माणसांसमोर, माझ्या आयुष्यातला पहिला पीटीचा पिरियड झाला. मुली खुदुखुदु हसत होत्या.

कोमल हसली नाही. तिने माझ्या मानेला हात लावून बघितला.

“आमचं रोज असंच होतं, मॅडम,” ती म्हणाली. “सोमवारी आणि गुरुवारी सुटायचं.”

तिला मला टोमणा मारायचा नव्हता. सोमवारी आणि गुरुवारी आता काय असतं, ते तिच्या डोक्यातही नसावं. पण मी तिथेच लाजेने पाणी पाणी झाले. माझ्या समीकरणांसाठी मी या पोरींची मान सुटायचा वेळ घेऊन बसले होते, आणि वर्ग मरगळलेला दिसला तर उन्हाळ्याला दोष देत होते.

निघताना कोमलच्या आईने सरांना अडवलं. वाटलं, आता ऐकावं लागणार. ती म्हणाली, “सर, शाळामा शे तवलोंग पोर तुमनी. घर उनी का मन्ही.” शाळेत आहे तोवर पोरगी तुमची, घरी आली की माझी. पळवायचं तेवढं शाळेत पळवा, आमच्या साड्यांत नका शिरू. सर म्हणाले, बरोबर आहे. मग माझ्याकडे न बघता चालायला लागले. ते न बघणं मला बघण्यापेक्षा जड गेलं.

सोमवारी मी आचार्यांच्या खोलीत गेले आणि दोन्ही पिरियड परत केले. ते म्हणाले, मॅडम, तुम्हीच तर हात वर केला होता. मी म्हटलं, हो, आता खाली घेतला. ट्रस्टीसाहेबांच्या सक्तीचं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सक्ती राहू द्या की. सोमवारी आणि गुरुवारी सगळा वर्ग खेळेल, रजिस्टरात रोज पूर्ण उपस्थिती दाखवू, आणि ती खरी असेल. रविवारचं काढून टाका. पूर्ण उपस्थितीचा आकडा कागदावर फार देखणा दिसतो. आचार्यांनी तो वर पाठवला, ट्रस्टीसाहेब खूश झाले, आणि आमच्या नोटिसा फडताळात जाऊन पडल्या.

मी ही बातमी सरांना मैदानावर जाऊन सांगितली. त्यांनी मान हलवली आणि विचारलं की तुमची मान कशी आहे. एवढंच. आभार वगैरे नाही. मला ते पिरियड त्यांनी दिलेच नव्हते, त्यामुळे परत मिळाल्याचं त्यांना कौतुक नसावं.

त्या वर्षी नववी ‘ब’चा गणिताचा निकाल वाढला असता तर ही गोष्ट फार छान झाली असती. नाही वाढला. दरवर्षी लागतो तेवढाच लागला. दोन धडे मी मधल्या सुट्टीत उरकले आणि मुलांच्या शिव्या खाल्ल्या. ढालही आली नाही. तालुक्याच्या सामन्यात आमचा खो-खोचा संघ पहिल्याच फेरीत हरला. संघ सरांनी चिठ्ठ्या टाकून निवडला होता.

सर यंदा मे महिन्यात निवृत्त झाले आणि धुळ्याकडे गावी गेले. निरोपाच्या भाषणात ते तीन वाक्यं बोलले आणि वडा गार होतोय म्हणून थांबले. मला काही बोलायचं होतं, तयारीही केली होती. माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडून फक्त शाल दिली गेली. खूप काही सांगायचं राहून गेलं याची मला आजही चुटपुट आहे.

जूनमध्ये वेळापत्रक लागलं. त्यांची जागा भरलेली नव्हती, भरायचं कोणी बोलतही नव्हतं. नववी ‘ब’पुढे सोमवार आणि गुरुवार, दोन रिकामे चौकोन. आचार्यांनी मीटिंगमध्ये पेन उघडून सरळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारायच्या आधीच चौकोनात ‘गणित’मधला ‘ग’ लिहिला. मी म्हटलं, खोडा तो. पीटी लिहा. नाव माझं लिहा. शिक्षकांच्या खोलीत जे हसू फुटलं, ते पुढे दोन दिवस टिकलं. माझे गुडघे सगळ्यांना माहीत आहेत.

पहिल्या सोमवारी मी मैदानावर जाऊन उभी राहिले. समोर रांगेत बेचाळीस मुलं, शेजारच्या कारखान्यातले लूम खडखडतायत, आणि मला एकही खेळ शिकवता येत नाही. पहिल्या रांगेतल्या मुलीला विचारलं, सर आधी काय करायचे? ही मुलं त्यांच्या हाताखाली आठवीत होती.

“काही नाही, मॅडम. आधी नुसते आमच्याकडे बघायचे. एकेकाकडे.”

मग मी बघायला लागले. पहिल्या रांगेपासून, एकेकाकडे. कोणाचा बूट पुढून फाटलेला. कोणाचे डोळे झोप न झाल्यासारखे. एकीच्या नखांत गम वाळलेला, ती ते लपवत होती. दोघींच्या माना एकाच बाजूला कललेल्या. ही सगळी मुलं दिवसातून पंचेचाळीस मिनिटं माझ्यासमोर बसतात, आणि यातलं काही मी पाहिलेलं नव्हतं. शेवटच्या रांगेपर्यंत जायला बराच वेळ लागला. कोणी गडबड केली नाही. सगळे आपली पाळी यायची वाट बघत ताठ उभे होते.

मला सरांची फार आठवण आली. तेवढ्यात ती पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली, “मॅडम, बघून झालं की खांदे मागे घ्यायचे असतात. मग पळायचं.”

मी खांदे मागे घेतले. बेचाळीस मुलांनी घेतले.